वुडवर्ड रस्त्यावरून अण्णांना

रॉयल ओक, मिशिगन
२४ ऑगस्ट २०२५, रविवार

ती. अण्णा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र हातात पडेल तोवर आपले गणपती बसून गावालाही गेलेले असतील. फोन रोजचा आहेच, पण फोनवर तुम्ही "बरं, तब्येतीला जप" म्हणता आणि आईच्या हातात देता. मला सांगायचंय ते तेवढ्यात मावणारं नाही. परवा दादा म्हणाला की शेडमधल्या जीपला भंगारवाला आलाय, वजनावर न्यायला तयार आहे, आणि तुम्ही अजून हो किंवा नाही काहीच बोलला नाहीत. ते ऐकल्यापासून माझ्या डोक्यातून जीप जात नाही. म्हणून आधी हे सगळं वाचा, मग त्याला काय ते सांगा.

मी राहते तिथून चालत दहा मिनिटांवर वुडवर्ड अव्हेन्यू आहे. डेट्रॉइटच्या नदीकाठापासून निघून सरळ वायव्येला पाँटिॲक गावापर्यंत जाणारा रस्ता. आपल्याकडे जसं "हायवे" म्हटलं की पुणे-बंगळूर, तसं इथल्या गाडीवाल्यांना "रस्ता" म्हटलं की वुडवर्ड. १९०९ साली याच रस्त्याचा एक मैलाचा तुकडा सिमेंट काँक्रीटचा केला. तेव्हा लांबलांबून लोक तो बघायला यायचे म्हणे. पन्नास-साठच्या दशकांत इथं रात्री पोरं गाड्या पळवायची. नुसती पोरंच नाहीत, कंपन्यांचे इंजिनियरही नवीन इंजिन घालून गुपचूप यायचे आणि सिग्नलवर दुसऱ्या कंपनीच्या गाडीशेजारी उभे राहायचे. हिरवा दिवा लागला की काय ते कळायचं.

आता १९९५ पासून दर ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी सगळ्या जुन्या गाड्या या रस्त्यावर निघतात. यंदा १६ तारखेला होतं. लाखो माणसं, घडीच्या खुर्च्या, आणि रस्ताभर पेट्रोलचा वास. तो वास आपल्या गॅरेजचा आहे, अण्णा. न जळलेल्या पेट्रोलचा आणि गरम तेलाचा. मी दिवसभर बॅटरीवरच्या गाड्यांचं काम करते, त्यांना वासच नाही. त्या दिवशी फुटपाथवर उभी राहिले आणि पाटण रोडवरची आपली शेड, उन्हात तापलेला पत्रा, ग्रीसचा डबा, सगळं नाकातून आत आलं.

पण शनिवारची गर्दी हा नुसता देखावा. खरी मजा त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या संध्याकाळी असते. एका बंद पडलेल्या दुकानापुढच्या मोकळ्या जागेत पंधरा-वीस म्हातारे गाड्या लावून, बॉनेट उघडून बसतात. (बॉनेट म्हटलेलं इथं कळत नाही, हूड म्हणावं लागतं. स्टेपनी तर मुळीच कळत नाही.) गाड्यांपेक्षा गोष्टीच जास्त चालतात. कुणी काय बांधलं, काय फुटलं, कुठल्या घाटात काय झालं. इथं घाट नाहीत, पण तुम्हाला कळलं. मी तीन आठवडे लांबून ऐकत होते. चौथ्या आठवड्यात एका आजोबांनी त्यांच्या फोर्डपाशी बोलावलं.

ती गाडी १९२९ सालची फोर्ड, मॉडेल ए. चार सिलिंडर, चाळीस हॉर्सपॉवर. स्टिअरिंगखाली दोन दांड्या, डावी स्पार्कची वेळ मागेपुढे करायची आणि उजवी पेट्रोलची. सेल्फ कंपनीचाच होता, पण आजोबांनी पुढून हँडल काढून दाखवलं आणि म्हणाले, मारून बघायचंय का? मी आधी डावी दांडी वर गेलीय का, म्हणजे स्पार्क मागे घेतलाय का, ते बघितलं, मग वाकले, हँडल धरलं, खालून वर एक ओढ दिली. पहिल्याला नाही झाली. दुसऱ्याला झाली.

आजोबा गाडीकडे बघतच नव्हते, माझ्या हाताकडे बघत होते. मी हँडल मुठीत धरलं नव्हतं. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवला होता, आकडा केल्यासारखा. ते म्हणाले, हे तुला कुणी शिकवलं? मी म्हटलं, माझ्या वडलांनी, वयाच्या नवव्या वर्षी.

तुम्हाला आठवतं का? तुम्ही मला हँडल मारू देत नव्हता, नुसतं धरायला शिकवलं होतं. "मुठीत धरायचं नाही. अंगठा आत घालायचा नाही. खालून वर ओढायचं, वरून खाली दाबायचं नाही. इंजिननं उलटा झटका मारला तर हात आपोआप सुटून निघाला पाहिजे." आणि तुमच्या हाताखालच्या पोराचं मनगट कसं मोडलं होतं ते सांगितलं होतं. आजोबांनी हीच वाक्यं इंग्रजीत म्हणून दाखवली, त्याच क्रमानं. त्यांना त्यांच्या वडलांनी शेतावर शिकवलं होतं.

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. डेट्रॉइट नदीत बेल आयल नावाचं बेट आहे, त्याच्या पुलावर १९०८ च्या सुमाराला एका बाईची गाडी बंद पडली. बायरन कार्टर नावाचा गाड्या बनवणारा माणूस मदतीला थांबला. स्पार्क मागे घ्यायचा राहिलेला. हँडल उलटं फिरलं ते त्याच्या जबड्यावर बसलं, आणि त्या दुखण्यातच तो गेला. कॅडिलॅकचे हेन्री लेलँड त्याचे स्नेही. हँडलचा हा प्रकार बंद करायचाच असं त्यांनी मनावर घेतलं, असं इथं सांगतात. काम गेलं चार्ल्स केटरिंगकडे. हा माणूस आधी गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर बसवून आलेला. त्याचं म्हणणं एवढंच की मोटर दिवसभर चालायची नसली, दोन-चार सेकंदच चालायची असली, तर छोट्या मोटरकडूनही दांडगं काम घेता येतं. १९१२ च्या कॅडिलॅकला सेल्फ लागला तो असा. आपण "सेल्फ मार" म्हणतो ना, त्याचा उगम तो.

आणि आता खरी गोष्ट ऐका. केटरिंग आणि त्याच्या भागीदारानं ओहायो राज्यातल्या डेटन गावात १९०९ साली कंपनी काढली, डेटन इंजिनियरिंग लॅबोरेटरीज कंपनी. एका घरामागच्या कोठारात काम चालायचं. इंग्रजीत त्या नावाची आद्याक्षरं घेतली की काय होतं माहितेय? डेल्को!

अण्णा, मी तिथंच मटकन खुर्चीवर बसले. "डेल्को उघड, पॉइंट घास, कॅपला चीर गेलीय का बघ." हे शब्द मी शाळेत जायच्या आधीपासून ऐकतेय. कऱ्हाडपासून कोल्हापूरपर्यंत कुठल्याही मिस्त्रीला डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्लगांना पाळीपाळीनं स्पार्क वाटणारा भाग, म्हटलं तर कळेल की नाही कोण जाणे, पण डेल्को म्हटलं की हात बरोबर जागेवर जातो. मला तो आपलाच शब्द वाटायचा, पाना, आटे, खुंटी तसा. तो डेटनच्या कोठारातून निघून तुमच्या तोंडी येऊन बसला आणि आपल्याला पत्ताही नव्हता.

हे मी उत्साहानं शेजारच्या बाईंना सांगायला गेले. सत्तरीच्या पुढच्या आहेत, त्या घोळक्यात मी जायच्या आधी त्या एकट्याच बाई होत्या. त्यांच्याकडे १९६४ ची प्लिमथ व्हॅलियंट आहे, फिकट निळी, वडलांची. मी त्यांच्या इंजिनाकडे बोट करून म्हटलं, आणि तुमचा डेल्को तो खाली दिसतोय. बाईंचा चेहरा एकदम बदलला. म्हणाल्या, डेल्को जनरल मोटर्सचा, ही क्रायस्लरची गाडी आहे, हिच्यात डेल्को कशाला असेल! मग मला समजावून सांगावं लागलं, की आमच्याकडे कुठल्याही कंपनीचा असला तरी तो डेल्कोच, जसं कुठलंही वनस्पती तूप डालडाच. त्यांनी ते वळून बाकीच्यांना सांगितलं आणि आता सगळे मला बघितलं की विचारतात, डेल्को ठीक आहे ना? फार प्रेमानं विचारतात.

त्या बाईंचं इंजिन तुम्ही बघायला पाहिजे. सहा सिलिंडर एका रांगेत, पण अख्खं इंजिन ३० अंश आडवं कललेलं. स्लँट सिक्स म्हणतात, १९६० मध्ये आलं. कललं म्हणून बॉनेट खाली घेता आलं, आणि वरच्या बाजूला जागा मिळाली तिथं इनलेटचे लांबच्या लांब पाइप बसवले, त्यामुळं सहाही सिलिंडरना माल सारखा पोचतो. २२५ क्यूबिक इंच, म्हणजे आपल्या हिशोबानं ३.७ लिटर. हे इंजिन मरत नाही अशी त्याची ख्याती आहे. बाईंचे वडील हॅमट्रॅमकच्या डॉज कारखान्यात लाइनवर होते. तो कारखाना १९८० मध्ये बंद झाला, पुढं पाडला. गाडी राहिली. दर रविवारी त्या स्वतः तेल बघतात, पाणी बघतात, आणि वडलांनी आखून दिलेल्या वहीत किलोमीटर, म्हणजे मैल, लिहितात. वहीतलं पहिलं अक्षर वडलांचं आहे, पुढचं त्यांचं. मला ती वही हातात धरू दिली.

त्यांनी एक किस्सा सांगितला तो खास तुमच्यासाठी. टायरच्या दुकानात एका पोरानं डाव्या चाकाचे नट मशीननं खोलायला घेतले आणि तीन स्टड मोडले. क्रायस्लरच्या जुन्या गाड्यांना डाव्या बाजूला उलटे आटे असायचे, पोराला ते ठाऊक नव्हतं. बाई म्हणाल्या, स्टडच्या टोकाला इंग्रजी एल् कोरलेला असतो, बघायचं कष्ट कोण घेतो. मी म्हटलं, आमच्या जीपला पण डाव्या चाकांना उलटे आटे आहेत, आणि माझे वडील नव्या पोराला पहिल्या दिवशी तेच चाक खोलायला देतात. त्यावर त्या जागेवरचे सगळे हसले आणि टाळ्या वाजवल्या. तुम्हाला वाजवल्या, अण्णा.

आता व्ही-एटबद्दल. आपल्याकडे हे इंजिन कधी आलंच नाही म्हणावं इतकं कमी आलं, म्हणून तुम्ही हाताळलेलं नाही. चार-चार सिलिंडरच्या दोन रांगा, इंग्रजी व्ही सारख्या. फोर्डनं १९३२ मध्ये ते स्वस्तात काढलं, आठही सिलिंडर एकाच ओतकामात, साइड व्हॉल्व्ह (म्हणजे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नाहीत, सिलिंडरच्या बाजूला), ६५ हॉर्सपॉवर. इथले म्हातारे त्याला फ्लॅटहेड म्हणतात. त्याचा एक कायमचा रोग असा की जळका धूर बाहेर जायला ब्लॉकच्या आतून, पाण्याच्या जागेतून वाट काढलेली, म्हणून दोन-दोन वॉटर पंप असूनही ते तापतं. तुमच्या उस्तादांच्या फार्गो ट्रकचं साइड व्हॉल्व्ह इंजिन तापायचं नाही म्हणून तुम्ही सांगता, ते आठवलं. त्यात सहाही सिलिंडर एका रांगेत, धुराची वाट सरळ बाहेर.

मग १९५५ मध्ये शेव्हर्लेनं स्वतःचं काढलं. एड कोल नावाचे मुख्य इंजिनियर. २६५ क्यूबिक इंचांचं, ४.३ लिटरचं. त्यात व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर ज्या दांड्यावर ओवतात तो रॉकर शाफ्टच नाही! प्रत्येक रॉकर पत्र्याचा ठोकून केलेला, आपापल्या स्टडवर, वर एक गोळी आणि नट. टॅपेट बसवायचे, म्हणजे व्हॉल्व्हची फट जुळवायची, तर इंजिन चालू ठेवून नट सैल करायचा, खडखड ऐकू आली की आवळत जायचं, आवाज थांबला की अजून थोडं. फट मोजायच्या पट्ट्या, फीलर गेज, लागतच नाही. एका आजोबांनी माझ्याकडून एक करून घेतला. कानानं टॅपेट बसवणं तुम्हाला फार आवडेल, कारण तुम्ही गेज लावून झाल्यावरही शेवटी कानच लावता. त्या घराण्याची इंजिनं इतकी वर्षं निघत राहिली की २०११ मध्ये दहा कोटीवं बाहेर पडलं.

त्याची फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, इथं सगळ्यांना पाढ्यासारखी पाठ आहे: १-८-४-३-६-५-७-२. आपल्या जीपची १-३-४-२, ती मला झोपेत विचारली तरी येते. पण ह्या आठांच्या क्रमात गंमत आहे. डाव्या रांगेत १, ३, ५, ७ आणि उजव्या रांगेत २, ४, ६, ८. आता क्रम बाजूनं म्हणून बघा: डावा, उजवा, उजवा, डावा, उजवा, डावा, डावा, उजवा. ठोके सारख्या अंतरानं पडतात, पण एकदा उजव्या पाइपातून लागोपाठ दोन, मग थोड्या वेळानं डाव्या पाइपातून लागोपाठ दोन. म्हणून तो आवाज आपल्या चार सिलिंडरसारखा सरळ येत नाही, घुमत येतो. मांडीवर दोन्ही हातांनी वाजवून बघा. मी वाजवलं तेव्हा मला गावच्या जत्रेतली हलगी ऐकू आली. मी तिथल्या गाडीच्या पत्र्यावर बोटांनी धरून दाखवलं आणि तो शेव्हर्लेवाला इंजिन चालू करून शेजारी येऊन ऐकत उभा राहिला. म्हणाला, साठ वर्षं ऐकतोय, असं मोजलं नव्हतं.

त्यानंच एक युक्ती सांगितली. ५ आणि ७ हे शेजारी-शेजारी आणि लागोपाठ पेटणारे. त्यांच्या प्लगच्या वायरी एकमेकींना चिकटून नेल्या तर एकीतला स्पार्क दुसरीत उमटतो आणि ७ नंबर वेळेआधी पेटतो. इंजिन ठकठक ठोकायला लागतं आणि माणूस कार्बोरेटर खोलत बसतो. वायरी लांब केल्या की काम संपलं. अशा गोष्टी पुस्तकात सापडल्या तरी कळतात त्या कुणी बोट ठेवून दाखवल्यावरच.

पाँटिॲक या जनरल मोटर्सच्याच गाड्यांची एक गोष्ट थोडक्यात सांगते. जनरल मोटर्सचा नियम होता की मधल्या आकाराच्या गाडीत ३३० क्यूबिक इंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही. १९६४ साली पाँटिॲकच्या लोकांनी ३८९ चं इंजिन "गिऱ्हाइकानं मागितलं तर" म्हणून यादीत घातलं आणि जीटीओ नावाची गाडी काढली. एका मासिकाला चाचणीला दिलेल्या गाडीत तर ४२१ चं होतं. ते गाडी देणाऱ्या जिम वँगर्स यांनी पुढं स्वतःच कबूल केलं. बाहेरून दोन्ही इंजिनं सारखीच दिसतात, त्यामुळं कुणाला ओळखू आलं नाही. माझ्याच गावात, रॉयल ओकमध्ये, त्या गाड्यांचा विक्रेता होता. तो पातळ हेड गॅस्केट घालून, कार्बोरेटरचे जेट मोठे करून, टायमिंग बदलून गाड्या तयार करून द्यायचा. पातळ गॅस्केट, म्हणजे वरची जागा कमी, म्हणजे कॉम्प्रेशन जास्त. तुम्ही हेड घासून आणायचात ते याचसाठी ना?

आणि कुंभार्ली घाट मी त्यांना सांगितला. उन्हाळ्यात चिपळूणहून वर येताना अर्ध्यात इंजिनाच्या पंपातलं पेट्रोल उकळून वाफ धरायची, गाडी बसायची, आणि तुम्ही गमछा ओला करून पेट्रोल पंपाला गुंडाळायचात, दहा मिनिटं थांबून पुन्हा निघायचं. मी हे सांगत असताना तीन म्हातारे एकदम बोलायला लागले. इथं त्यावर कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे लावायचे! पेट्रोलच्या धातूच्या नळीवर ओळीनं आठ-दहा चिमटे. कुणी म्हणतं चिमट्याचा काही उपयोग नाही, कुणी शपथेवर सांगतं की आहे. अर्धा तास त्यावरच गेला. ओल्या गमछ्याबद्दल मात्र वाद झाला नाही. पाणी वाळताना उष्णता ओढतं, हे सगळ्यांना पटलं.

आता कुर्ला. एका माणसाकडे १९५० ची प्लिमथ आहे. मी सांगितलं की हीच गाडी आमच्या मुंबईत, कुर्ल्यात जोडली जायची. त्याला खरंच वाटेना. मग मी सगळं सांगितलं: सोलापूरचे वालचंद हिराचंद, १९४४ मध्ये काढलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स, क्रायस्लरशी केलेला करार, डॉज, डिसोटो, प्लिमथ गाड्या आणि फार्गो ट्रक. त्याच्याही आधी, १९२८ पासून जनरल मोटर्सचा कारखाना शिवडीला होता आणि शेव्हर्ले तिथं जोडल्या जात. तुमचे उस्ताद कुर्ल्याला काम शिकून कऱ्हाडला आले, आणि तुम्ही त्यांच्या हाताखाली. म्हणजे बघा, डेट्रॉइटच्या कारखान्यातलं काम कुर्ल्याच्या माणसाच्या हातात, तिथून उस्तादांच्या, तिथून तुमच्या आणि तुमच्याकडून नवव्या वर्षी माझ्या. तो माणूस म्हणाला, मग आपण एकाच वर्कशॉपची माणसं की. मला त्या क्षणी रडू आलं. खोटं कशाला सांगू.

आता जीप.

इथून तासाभरावर टोलेडो नावाचं गाव आहे. आपल्या जीपचं मूळ गाव. गेल्या रविवारी मुद्दाम गेले. जीप काढणाऱ्या विलीज कंपनीचा जुना कारखाना आता नाही, पण विटांची एक उंच चिमणी ठेवलीय, तिच्यावर वरपासून खालपर्यंत विटांमध्येच "ओव्हरलँड" अशी इंग्रजी अक्षरं आहेत. फोटो सोबत पाठवलाय. फ्रेम करा म्हणत नाही, पण शेडमध्ये उस्तादांच्या फोटोखाली लावा.

तिथं एकाकडे १९५४ ची जीप होती, सीजे-३बी, हुबेहूब आपली. तेच उंच बॉनेट. तुम्ही मला सांगितलं होतं की बॉनेट उंच आहे कारण इंजिन उंच आहे, ते अगदी बरोबर. आधीच्या जीपचं इंजिन पूर्ण साइड व्हॉल्व्ह, बसकं होतं. हिच्या हरिकेन इंजिनात इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेले, एक्झॉस्ट बाजूलाच ठेवले. इंजिन वाढलं, बॉनेट वर उचलावं लागलं. टोलेडोत ही जीप १९६८ पर्यंतच निघाली. आपल्याकडे महिंद्रांनी तोच चेहरा त्यानंतरही कितीतरी वर्षं चालू ठेवला, हे ऐकून तो माणूस भारावून गेला. मी आपल्या जीपचा फोटो दाखवला. त्यानं पहिला प्रश्न विचारला, इंजिन ओरिजिनल आहे? मी म्हटलं, हो. गावात सगळ्यांनी पेट्रोल इंजिन काढून डिझेल टाकली, माझ्या वडलांनी नाही टाकलं. लोक वेडे म्हणाले तरी नाही टाकलं.

अण्णा, तुम्हाला वाटत असेल की आता ती कोण चालवणार, कोण बघणार, आपले गुडघे वाकत नाहीत, मग जागा तरी मोकळी होईल. तुम्ही दादाला ओझं नको म्हणून गप्प बसलाय, हे मला इथून कळतं. पण वजनावर ती देऊ नका. तिचं ओझं मी घेते. संक्रांतीला मी तीन आठवडे येतेय. तेवढ्यात आपण इंजिन खोलू. तुम्ही खुर्चीवर बसा आणि सांगा, हात मी घालते. दादालाही यात घेऊ. तो कधी शिकला नाही कारण त्याला कुणी बोलावलंच नाही, हे मी तुम्हाला आज स्पष्ट लिहिते. चिऊ नऊ वर्षांची झालीय, तिलाही उभी करू.

तोवर तीन कामं दादाकडून करून घ्या. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाकायला सांगा. आता पंपावर मिळतं त्यात वीस टक्के इथेनॉल असतं, ते जुन्या रबराला मानवत नाही, पाणीही धरतं. पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम आणि नळ्या मी इथून इथेनॉल चालणाऱ्या आणते. दुसरं, चारही प्लग काढून प्रत्येक भोकात दोन चमचे तेल सोडायला सांगा आणि हँडलनं हलक्या हातानं फिरवून बघायला सांगा. फिरतंय की धरलंय, एवढं कळू दे. कसं धरायचं ते त्याला तुम्ही स्वतः दाखवा. तिसरं, मागे ब्लॉक बोअर केला होता तो कितीचा केला ते तुमच्या वहीत असेल. मूळ बोअर सव्वातीन इंचाला एक सूत कमी, पाव इंचाचं अर्धं धरा, म्हणजे ३.१२५ इंच. त्यावर वीस हजारांश इंच केला की तीस, तेवढंच हवंय. त्या मापाचे पिस्टन आणि रिंगा टोलेडोवाला शोधून देणार आहे, हेड गॅस्केटसकट. डेल्कोची कॅपही बघतो म्हणालाय. टोलेडोच्या जीपवर ऑटो-लाइट कंपनीचा असायचा, कारण तीही कंपनी त्याच गावातली. पण त्यानंही शब्द डेल्कोच वापरला, माझ्यासाठी.

आईला म्हणावं गुडघ्याचं तेल संपलं असेल तर दादाला सांग, अंगावर काढू नको. मी उकडीचे मोदक करून बघणार आहे, तांदळाची पिठी मिळालीय. वहिनीला नमस्कार, चिऊला गोड पापा. बोअरचं माप मात्र लवकर कळवा, थंडी सुरू झाली की टोलेडोवाला फ्लोरिडाला जातो तो थेट एप्रिलमध्ये परत येतो.

तुमची,
धाकटी